कुपर्टिनो : माणसं कधी बदलली, उत्पन्न कधी वाढलं

कॅलिफोर्नियातल्या कुपर्टिनोचा विषय निघाला की सॅन फ्रान्सिस्कोभोवतालच्या बे एरियातले मराठी लोक दोन गोष्टी सहज बोलून जातात. एक, तिथे आता गोरे उरलेत कुठे! दुसरी, आपली आणि चिनी माणसं आली म्हणून गाव एवढं श्रीमंत झालं. पहिलीत अतिशयोक्ती आहे, पण ती आकड्यांच्या जवळपास तरी जाते. दुसरी मात्र जनगणनेचे आकडे ओळीने मांडले की अडखळते. डोकी मोजली तर कुपर्टिनोची वस्ती ज्या दहा वर्षांत सर्वांत झपाट्याने बदलली, त्या दहा वर्षांत तिथलं घरटी उत्पन्न महागाई वजा करता वाढलं तर नाहीच, उलट थोडं घटलं. आणि उत्पन्नाने उसळी घेतली तेव्हा वस्तीतला बदल बराच मंदावला होता. असं का झालं, ते या प्रकरणात पाहायचं आहे.

बागा, मग कारखाने

सांता क्लारा खोऱ्याच्या, म्हणजे आजच्या सिलिकॉन व्हॅलीच्या पश्चिमेला, डोंगराच्या पायथ्याशी हे गाव आहे. १० ऑक्टोबर १९५५ रोजी ते रीतसर शहर झालं. तोवर इथे जर्दाळू, चेरी आणि प्रून या आलुबुखारासारख्या फळाच्या बागा होत्या. स्टीव्हन्स क्रीक रस्ता आणि आजचा डि अँझा रस्ता जिथे एकमेकांना छेदतात तो चौक म्हणजेच गाव. साठच्या दशकात बागायतदारांनी जमिनी एकत्र करून ‘व्हॅल्को’ नावाची औद्योगिक वसाहत उभी केली. ह्युलेट-पॅकार्ड आलं, १९७७ मध्ये नुकतीच नोंदणी झालेली ॲपल आली. डि अँझा कॉलेज १९६७ पासूनचं. पुढे ॲपलने ह्युलेट-पॅकार्डचीच जागा विकत घेतली आणि २०१७ च्या एप्रिलमध्ये तिथलं ते गोल कार्यालय उघडलं, सुमारे १२ हजार लोक बसतील एवढं.

त्या काळातली घरं एकमजली, लाकडी सांगाड्याची, पुढे गॅरेज आणि मागे छोटं अंगण असलेली. घेणारे बहुतेक गोरे मध्यमवर्गीय: अभियंते, शिक्षक, लॉकहीड या विमानं-क्षेपणास्त्रं बनवणाऱ्या कंपनीतले तंत्रज्ञ. ‘मध्यमवर्गीय’ हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागेल. फेअरग्रोव्ह भागात १९६०-६१ च्या सुमारास जोसेफ आइक्लर या बिल्डरने दोनशेवर घरं बांधली. काचेच्या भिंती आणि मधलं उघडं अंगण यांसाठी ती आजही नावाजली जातात. आपल्याला त्याचा दुसरा गुण जास्त महत्त्वाचा. गिऱ्हाइकाचा वंश न पाहता घर विकणाऱ्या मोजक्या बिल्डरांपैकी आइक्लर एक होता आणि याच मुद्द्यावरून १९५८ मध्ये त्याने बिल्डरांच्या संघटनेचा राजीनामा दिला होता. बाकी कॅलिफोर्नियात त्या वेळी काय चाललं होतं? घरविक्रीत वंशभेदाला बंदी घालणारा रमफर्ड कायदा १९६३ मध्ये झाला आणि १९६४ मध्ये मतदारांनी सार्वमत घेऊन तो उडवून लावला. ते सार्वमत न्यायालयात टिकलं नाही, १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मोडीत काढलं. देशभराचा कायदा १९६८ चा. म्हणजे कुपर्टिनोतल्या बहुतेक जुन्या गल्ल्या भरल्या तेव्हा कुणाला घर द्यायचं नाही हे ठरवण्याची मोकळीक होती.

दार उघडलं ते दोन टप्प्यांत

१९४६ ते १९६५ या काळात भारतातून अमेरिकेत स्थलांतरासाठी वर्षाला १०० जणांचा कोटा होता. १९६५ च्या कायद्याने ही वंशावर बेतलेली वाटणी गेली. कुटुंब आणि कौशल्य या दोन वाटा उघडल्या. पहिल्या टप्प्यात आलेले लोक बहुतांशी अमेरिकी विद्यापीठांत शिकून तिथेच राहिलेले. कुपर्टिनोत ऐंशीच्या दशकात तैवानी कुटुंबं दिसू लागली ती अशीच. तैवानने १९८० मध्ये सिंचूला विज्ञान उद्यान उभारलं आणि सिंचू-सिलिकॉन व्हॅली अशी माणसांची आणि भांडवलाची ये-जा सुरू झाली.

दुसरा टप्पा १९९० च्या कायद्याचा. कुशल नोकरदारांसाठीचा एच-वन-बी व्हिसा त्यातून आला, सुरुवातीला वर्षाला ६५ हजार. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस कंपन्यांच्या रेट्यामुळे ही मर्यादा आधी १ लाख १५ हजार आणि २००१ ते २००३ या वर्षांसाठी १ लाख ९५ हजार झाली. पुण्या-मुंबईच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतून निघालेल्या आपल्या मुलांची मोठी लाट ती हीच. ती आधी सनीव्हेल आणि सांता क्लाराच्या अपार्टमेंटांत उतरली. कुपर्टिनो गाठलं ते मूल शाळेत जायच्या वयाचं झाल्यावर.

जाता जाता एक गंमत. १९७० च्या जनगणनेत भारतीयांची गणना ‘गोरे’ या रकान्यात झाली होती. ‘एशियन इंडियन’ हा पर्याय आला १९८० मध्ये, तोही इथल्या भारतीय संघटनांनी पाठपुरावा केल्यावर. त्यामुळे सत्तरच्या आधी या खोऱ्यात आलेला एखादा जोशी किंवा जाधव जनगणनेच्या कागदावर गोरा होता आणि दहा वर्षांनी, जागचा न हलता, आशियाई झाला. वंशाच्या आकड्यांवर पैज लावणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं.

आकडे

१९८० मध्ये कुपर्टिनोत आशियाई वंशाचे लोक शंभरात दहासुद्धा नव्हते. १९९० मध्ये लोकसंख्या ४० हजार २६३ होती, त्यात गोरे सुमारे ७४ टक्के आणि आशियाई २३ टक्के. २००० मध्ये ५० हजार ५४६ लोकांत गोरे ५०.१ आणि आशियाई ४४.४ टक्के. २०१० मध्ये ५८ हजार ३०२ लोकांत गोरे ३१.३ आणि आशियाई ६३.३ टक्के. २०२० मध्ये लोकसंख्या ६० हजार ३८१ झाली आणि आशियाई दोन-तृतीयांशांच्या थोडे वर गेले.

टक्केवारी सोडून डोकी मोजली तर चित्र अधिक बोलकं होतं. गोरे १९९० मध्ये अंदाजे ३० हजार, २००० मध्ये २५ हजार, २०१० मध्ये १८ हजार. आशियाई त्याच क्रमाने ९ हजार, साडेबावीस हजार, ३७ हजार. २००० पूर्वीच्या वाढीत थोडा वाटा हद्दवाढीचा आहे. रँचो रिंकोनाडा ही जुनी, छोट्या घरांची वसाहत १९९९ मध्ये शहरात आली. पण कल स्पष्ट आहे. डोक्यांच्या हिशेबात २००० ते २०१० हे दशक बदलाचं शिखर (टक्क्यांत त्याआधीचं दशक थोडं पुढे), आणि २०१० नंतर गाव जवळजवळ वाढलंच नाही.

आता उत्पन्न. इथे ‘मध्यक’ पाहायचा: सगळी घरं उत्पन्नाप्रमाणे रांगेत उभी केली तर मधोमध येणाऱ्या घराची कमाई. २००० च्या जनगणनेत कुपर्टिनोचा मध्यक १ लाख ४११ डॉलर होता. जनगणना खात्याच्या २००६-१० च्या सर्वेक्षणात तो सुमारे १ लाख २० हजार झाला. वरवर वीस टक्के वाढ. पण त्याच काळात महागाईने जुन्या एक लाखाचे १ लाख ३१ हजार केले होते. म्हणजे खऱ्या हिशेबात घर आठ-नऊ टक्के मागे गेलं. डॉट-कॉमचा फुगा फुटल्यावर या खोऱ्यात किती जणांना ‘बेंच’वर, म्हणजे कामाविना, बसावं लागलं आणि किती जण सामान विकून परत गेले, ते त्या पिढीला विचारा. त्यावर २००८ ची मंदी. आशियाई लोक ४४ वरून ६३ टक्क्यांवर गेले ते याच दशकात.

पुढे २०१५-१९ मध्ये मध्यक सुमारे १ लाख ७२ हजार, आणि २०१८-२२ मध्ये २ लाख २० हजारांच्या वर. २००० चे एक लाख २०२२ च्या किमतीत १ लाख ७६ हजार होतात. तेव्हा बावीस वर्षांतली खरी वाढ चौथाईच्या आसपास, आणि ती जवळपास सगळी २०१० नंतरची.

यातही कुपर्टिनोचं स्वतःचं किती? कुपर्टिनो ज्यात येतं त्या सांता क्लारा काउंटीचा (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) मध्यक २००० मध्ये ७४ हजार ३३५ होता, २०१८-२२ मध्ये सुमारे १ लाख ५४ हजार. महागाई वजा जाता काउंटीही अठरा टक्के वाढली. कुपर्टिनोची वाढ त्याहून थोडी जास्त, इतकंच. गावात कोण राहायला आलं यापेक्षा खोऱ्यात पगार आणि शेअर कसे वाढले याचा हात मोठा आहे. आणि २००० मध्ये, अर्धं गाव गोरं असतानाही, कुपर्टिनो काउंटीपेक्षा पस्तीस टक्के श्रीमंत होतंच. आलेल्यांनी गाव श्रीमंत केलं या म्हणण्यात आपला अभिमान पुष्कळ आहे, हिशेब कमी.

मग २०१० नंतर काय झालं

माझ्या मते तीन गोष्टी एकदम जुळल्या. पहिली शेअरची. मोठ्या कंपन्यांत पगाराइतकीच, कधी पगाराहून जास्त रक्कम कंपनीच्या शेअरच्या रूपात हाती पडते आणि ती हाती पडली की उत्पन्न म्हणून मोजली जाते. २०१० च्या दशकात ॲपल, गूगल, एनव्हिडिया यांच्या शेअरचं काय झालं हे सांगायला नको.

दुसरी गोष्ट आपल्या घरांतली आहे, म्हणून जरा थांबून पाहू. ग्रीन कार्डात कोणत्याही एका देशाला सात टक्क्यांहून जास्त वाटा मिळत नाही. भारतीयांची रांग त्यामुळे दशकांत मोजावी लागते. तोवर नवरा एच-वनवर आणि बायको एच-फोरवर, म्हणजे जोडीदाराच्या व्हिसावर, हे चित्र नेहमीचं. काही घरांत उलट, पण थोड्या. एच-फोरवर नोकरी करता येत नव्हती. सीओईपीची, व्हीजेटीआयची पदवी घेतलेल्या बायका मुलांना शाळेत सोडून कम्युनिटी कॉलेजात एखादा कोर्स करत, मंडळाच्या गणपतीची सजावट करत वर्षं काढत होत्या. ‘मी सध्या घरीच असते’ हे वाक्य त्या ज्या सुरात म्हणत तो सूर ऐकलेला माणूस विसरत नाही. २०१५ च्या मे महिन्यात नियम बदलला. ग्रीन कार्डाच्या रांगेत विशिष्ट टप्प्यापर्यंत पोचलेल्यांच्या जोडीदारांना काम करण्याचा परवाना मिळू लागला. एका पगाराची घरं दोन पगारांची झाली. घरटी उत्पन्न मोजताना हा फरक सरळ दुपटीकडे जातो. कुपर्टिनोसारख्या गावात तो मध्यकातही उतरला असणार, असं मला वाटतं.

तिसरी गोष्ट घराच्या किमतीची, आणि तीच सर्वांत जड. २०१० मध्ये गावात सुमारे २१ हजार घरं होती. नवी बांधणी नाममात्र. २०२० नंतर १९६० सालचं साधं एकमजली घरसुद्धा २५ लाख डॉलरच्या खाली मिळेनासं झालं. एवढं कर्ज पेलणाराच आत येऊ शकतो. आधी वंशाने चाळत होते, आता किंमत चाळते. कमी पैशातलं कुटुंब बाहेर गेलं आणि त्या जागी जास्त पैशातलं आलं की आत असलेल्यांचा एक रुपयाही पगार न वाढता गावाचा मध्यक वर चढतो.

पण मग सगळेच श्रीमंत का दिसत नाहीत? कारण १९७८ चं प्रॉपोझिशन १३. घरपट्टी खरेदीच्या किमतीच्या एक टक्क्यावर बांधली आणि वर्षाला दोन टक्क्यांहून अधिक मूल्यवाढ धरायची नाही असं ठरलं. एकाच गल्लीतली शेजारशेजारची दोन घरं घ्या. एक समजा १९७६ मध्ये ७० हजाराला घेतलेलं. २०२२ पर्यंत त्याचं करापुरतं मूल्य फार तर १ लाख ७४ हजार होतं, म्हणजे मूळ कर वर्षाला १७४० डॉलरच्या आसपास. दुसरं, तसंच, त्याच बिल्डरचं, २०२२ मध्ये ३० लाखाला घेतलेलं: मूळ कर ३० हजार. पहिल्या घरात पेन्शनवर जगणारी गोरी आजी, दुसऱ्यात दोघं कमावणारं नागपूरचं जोडपं. कचऱ्याची गाडी एकच, फुटपाथ एकच. जनगणनेच्या तक्त्यात आजी ‘कमी उत्पन्न’ गटात जाते. तिच्या पायाखाली ३० लाखाची जमीन आहे हे त्या तक्त्यात दिसत नाही. आणि जोडप्याच्या ‘दोन-अडीच लाख’ उत्पन्नातून हप्ता, कर आणि पाळणाघर गेल्यावर काय उरतं तेही दिसत नाही. उत्पन्न आणि संपत्ती या दोन गोष्टी इथे वंशाच्या रेषेवर उलट्या धावतात, निदान जुन्या गल्ल्यांत तरी.

तक्त्याची आणखी एक मर्यादा आहे. सर्वेक्षणात मध्यक अडीच लाखांच्या वर गेला की नेमका आकडा छापत नाहीत, फक्त ‘अडीच लाखांहून अधिक’ असं लिहितात. शेजारचं लॉस आल्टोस हिल्स तिथे पोचलेलं आहे. कुपर्टिनो फार लांब नाही.

शाळा

गावात येण्याचं कारण विचारलं तर शंभरातले नव्वद जण शाळा म्हणतील. मोंटा व्हिस्टा, कुपर्टिनो हाय, होमस्टेड (ॲपलचे संस्थापक जॉब्ज आणि वॉझ्नियाक इथलेच), शिवाय हद्दीबाहेर सॅन होजेत असलेली पण याच शाळा-जिल्ह्यातली (शाळा चालवणारं स्थानिक मंडळ) लिनब्रूक. एक-तृतीयांशाहून जास्त घरं भाड्याची आहेत, आणि त्यातल्या कितीतरी दोन खोल्यांत चौघं राहतात ती केवळ पत्ता त्या शाळेच्या हद्दीत यावा म्हणून.

२००५ च्या नोव्हेंबरमध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने मोंटा व्हिस्टा आणि लिनब्रूकवर मोठा लेख छापला. मुद्दा असा, की गोरी कुटुंबं या शाळा सोडून पळत आहेत. शाळा वाईट झाल्या म्हणून नाही, अभ्यासाचा रेटा फार झाला म्हणून. गावात मोठी खळबळ झाली. माझ्या मते ‘पळाले’ हा शब्द निम्म्याच गोष्टीला लागू होतो. १९६५ मध्ये तरुण असलेली जोडपी २००५ मध्ये साठी-सत्तरीत होती. त्यांची मुलं मोठी झाली होती आणि त्या मुलांना आईबापांच्या गल्लीत घर परवडत नव्हतं. गोरी मुलं शाळेतून कमी झाली त्यात हे साधं वयाचं गणित मोठं आहे. उरलेली निम्मी गोष्ट मात्र खरी. स्टॅनफर्डचे टोमास हिमेनेझ आणि त्यांचे सहकारी ॲडम होरोविट्झ यांनी कुपर्टिनोतल्या लोकांच्या मुलाखतींवरून २०१३ मध्ये जे मांडलं ते अमेरिकेत कुणी अपेक्षिलं नसेल: इथे हुशारीचा मापदंड आशियाई झाला होता आणि गोरं असणं म्हणजे अभ्यासात बेताचं असणं, असं खुद्द मुलंच बोलत होती. गोऱ्या आयांनाही ते जाणवत होतं.

आपल्या बाजूने याचं कौतुक फार होतं. मला त्यात कौतुकासारखं थोडंच दिसतं. आठवीतल्या मुलाला पुढच्या वर्षीचं गणित उन्हाळ्यातच उरकायला लावणं ही घराच्या हप्त्याची वसुली आहे. त्यात ज्या मुलाला गणित जमत नाही त्याचे हाल, मग तो चिनी असो की चिंचवडचा.

आणि आता शाळाच ओस पडू लागल्या. आठवीपर्यंतच्या शाळा चालवणाऱ्या कुपर्टिनो युनियन शाळा-जिल्ह्यात २०१३-१४ च्या सुमारास १९ हजारांच्या आसपास मुलं होती. त्यानंतर दर वर्षी घट. २०२२ मध्ये रेग्नार्ट आणि मायरहोल्झ या दोन प्राथमिक शाळा बंद झाल्या. शाळेसाठी घरांच्या किमती चढल्या, आणि त्या किमतींमुळे लहान मुलं असलेली जोडपी आत येईनाशी झाली.

विविधता कुठल्या रकान्यात मोजायची

एक सोपं मोजमाप घेऊ. गावातली कुणीही दोन माणसं निवडली तर ती वेगवेगळ्या वंशाची असण्याची शक्यता किती? वरच्या टक्केवारीवरून १९९० मध्ये ती सुमारे ४० टक्के येते, २००० मध्ये ५५, आणि २०१० मध्ये परत खाली, ५० वर. २०२० मध्ये आणखी थोडी खाली. कुपर्टिनो सर्वांत ‘मिश्र’ होतं ते २००० च्या आसपास. ज्याला आपण विविधतेची वाढ म्हणतो ती त्यानंतर, या मोजमापाने, घटच आहे.

पण ‘आशियाई’ हा रकाना फोडला तर? २०१० मध्ये चिनी २८.१, भारतीय २२.६, कोरियन ४.६, जपानी ३.३ टक्के होते. हे वेगळे धरले की तीच शक्यता ५० वरून ७५ टक्क्यांच्या पुढे जाते. एकच गाव, एकच वर्ष, दोन निष्कर्ष. मेमोरियल पार्कमध्ये संध्याकाळी गेलं की दुसरा निष्कर्ष डोळ्यांना पटतो. सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेले आपले आईबाबा, पायात स्पोर्ट्स शूज, अंगात साडी आणि त्यावर मुलाचं कंपनीचं जॅकेट, बागेत फेऱ्या मारतात. तिकडे चिनी आजी-आजोबा हात सैल सोडून व्यायाम करतात. दोघांच्या बाबागाड्या शेजारी, नमस्कार-चमत्कार मानेने, भाषा शून्य. याच बागेत चेरी ब्लॉसमचा उत्सव होतो, कारण जपानचं तोयोकावा हे कुपर्टिनोचं भगिनी शहर. इथेच दिवाळीही होते. तैवानचं सिंचूही भगिनी शहर आहे, आणि भारतातलं भुवनेश्वर. पुणे मात्र शेजारच्या सॅन होजेने १९९२ मध्येच पटकावलं. त्याच सॅन होजेत २०२४ मध्ये बृहन्महाराष्ट्र मंडळाचं, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांच्या महासंघाचं, अधिवेशन भरलं.

काही रकाने मात्र कसेही मोजा, हलत नाहीत. २०१० मध्ये गावात कृष्णवर्णीय ०.६ टक्के होते, म्हणजे साडेतीनशेच्या आसपास माणसं. लॅटिनो ३.६ टक्के, काउंटीत ते २७ टक्के असताना. बागा होत्या तेव्हा फळं तोडणाऱ्यांत मेक्सिकन मजूर होते. आज त्याच गावात हिरवळ कापायला आणि स्वयंपाकघरं साफ करायला येणारे लोक संध्याकाळी दुसऱ्या शहरात झोपायला जातात. साठ वर्षांत एका गटाची जागा दुसऱ्याने घेतली, पण जे बाहेर होते ते बाहेरच राहिले.

आणि एक रकाना जनगणनेत नाहीच. २०२० मध्ये राज्याच्या नागरी हक्क खात्याने खोऱ्यातल्या एका बड्या कंपनीवर जातिभेदाचा दावा लावला. तक्रार एका दलित अभियंत्याची होती, त्याच्याच भारतीय वरिष्ठांविरुद्ध. त्यानंतर जातिभेदाला नाव घेऊन बंदी घालणारं विधेयक विधिमंडळात संमत झालं, आणि २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये गव्हर्नर न्यूसम यांनी सध्याचे कायदे पुरेसे आहेत म्हणून ते नाकारलं. त्या वादात आपल्या गटांवर जे लिहिलं-बोललं गेलं ते वाचलेल्याला ‘२२.६ टक्के भारतीय’ हा एकसंध गट आहे असं वाटायचं कारण नाही.

सत्ता आली, भिंत राहिली

१९९५ मध्ये मायकेल चँग नगर परिषदेवर निवडून आले आणि पुढे महापौर झाले. त्यानंतर चिनी आणि तैवानी वंशाची नावं नित्याची झाली. सविता वैद्यनाथन २०१७ मध्ये महापौर होत्या, शीला मोहन २०२४ मध्ये. नव्वदच्या दशकात रँचो रिंकोनाडात जुनी छोटी घरं पाडून मोठी बांधली जाऊ लागली, तेव्हा ‘राक्षसी घरं’ म्हणून ओरड झाली. तिच्या आडून कुणाबद्दल बोलणं चाललंय हे सगळ्यांना कळत होतं. वीस वर्षांनी भांडण नव्या घरांवरूनच झालं, पण या वेळी विरोध करणाऱ्यांत आशियाई घरमालक पुढे होते.

ते भांडण व्हॅल्कोचं. १९७६ चा मॉल मोडकळीला आला होता. २०१६ मध्ये त्याच्याबद्दलचे दोन प्रस्ताव मतदानाला आले, एक बांधकामाला वेसण घालणारा आणि एक बिल्डरचा. मतदारांनी दोन्ही पाडले. मग २०१८ मध्ये बिल्डरने राज्याच्या नव्या एसबी ३५ कायद्याचा आधार घेऊन २ हजार ४०२ घरांचा अर्ज टाकला, त्यातली निम्मी कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी. या कायद्यात अटी पाळल्या की शहराला नाही म्हणता येत नाही. मंजुरी मिळाली, विरोधकांनी दावा लावला, तो २०२० मध्ये फेटाळला गेला. मधे २०१९ च्या वार्षिक भाषणात महापौर स्टीव्हन शार्फ यांनी कुपर्टिनोभोवती भिंत बांधू आणि पैसे सॅन होजेकडून घेऊ असा विनोद केला. राष्ट्रीय बातमी झाली. ते म्हणाले, थट्टा होती. मला वाटतं गावातल्या बऱ्याच लोकांना, सगळ्या वंशांच्या, ती थट्टा मनातून आवडली असावी. २० टक्के डाउन पेमेंट भरून आत आलेल्या माणसाला पाठीमागचं दार लावून घ्यावंसं वाटतं, त्याला कातडीचा रंग लागत नाही.

राज्याने २०२३ ते २०३१ साठी कुपर्टिनोला ४ हजार ५८८ घरांचं उद्दिष्ट दिलं आहे. आराखडा वेळेत झाला नाही, घरांसाठी झगडणाऱ्या संस्थांनी न्यायालय गाठलं, आणि राज्याची मान्यता २०२४ मध्ये मिळाली. व्हॅल्कोच्या जागेवरच्या प्रकल्पात स्वस्त घरांचा आकडा नंतर १२०१ वरून ८९० पर्यंत खाली आला. ही घरं खरोखर उभी राहिली तर तिथे शाळेतले सहायक, दुकानांतले नोकर, वृद्धांची देखभाल करणाऱ्या बायका राहायला येतील आणि २०३० च्या जनगणनेत कुपर्टिनोचं मध्यक उत्पन्न किंचित खाली सरकेल. लॅटिनोंचा रकाना हललाच तर तोही त्याच ८९० दारांतून.